रस्त्याच्या कामात प्राचीन अवशेष सापडले, तर उत्खननाचा खर्च कोण करतं?

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातलं चारठाणा हे गाव मंदिरांसाठी ओळखलं जातं. यादवकाळातली मंदिरं, पायऱ्यांची बारव आणि मोकळ्यावर एकटाच उभा असलेला कोरीव दगडी स्तंभ पाहायला अभ्यासक इथे येतात. गावात एकेकाळी ३६० मंदिरं होती, असं जुनी माणसं सांगतात. आकडा खरा की खोटा, हा भाग वेगळा. पण काही वर्षांपूर्वी याच स्तंभाजवळ पुरातत्त्व विभागाच्या कामात माती बाजूला केली गेली, तेव्हा एका मंदिराचा पाया उघडा झाला. वर काहीच दिसत नव्हतं, खाली मात्र बरंच काही होतं.

चारठाण्याचं नशीब इतकंच, की तिथे माती काढणाऱ्यांना आपण काय शोधतोय हे माहीत होतं. तीच माती रस्त्याच्या भरावासाठी पोकलेनने उचलली असती, तर तो पाया कधी होता हेसुद्धा कुणाला कळलं नसतं.

परभणीत हा प्रश्न आज कागदावरचा राहिलेला नाही. समृद्धी महामार्गाला जोडणारा जालना–नांदेड हा १७९ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग या जिल्ह्यातून जातो. पवनार ते पत्रादेवी हा ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्गही ज्या १२ जिल्ह्यांतून आखला गेला, त्यात परभणी आहे. त्याचा अंदाजे खर्च ८६,३०० कोटी रुपये सांगितला गेला आणि जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. या महामार्गाला परभणीसह अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचा विरोध आहे. त्या वादात जमीन, मोबदला आणि पाणी यांची चर्चा होते, ती व्हायलाही हवी. मात्र जमिनीखालच्या इतिहासाचं काय, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. आणि तो आला, तरी लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : खर्च कोण करणार?

बचाव उत्खनन म्हणजे काय?

साधं उत्खनन अभ्यासकाच्या सोयीने चालतं. तो जागा निवडतो, परवाना घेतो, हिवाळ्यात खणतो, पावसाळ्यात लिहितो. काम अर्धवट राहिलं तर पुढच्या वर्षी परत येतो. बचाव उत्खननात जागा आणि वेळ दोन्ही दुसऱ्याने ठरवलेली असतात. धरणाचं पाणी चढणार असतं किंवा रस्त्याची यंत्रं येणार असतात. त्याआधी जेवढं नोंदवता येईल तेवढं नोंदवायचं, जे हलवता येईल ते हलवायचं आणि उरलेलं सोडून द्यायचं.

जगातलं याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण इजिप्तचं आहे. आस्वान धरणात बुडणाऱ्या वारशासाठी युनेस्कोने १९६० मध्ये जगाला हाक दिली. १९६४ ते १९६८ या काळात अबू सिंबेलची मंदिरं कापून, उचलून उंचावर पुन्हा उभारली गेली. त्या मोहिमेत भारतही होता. बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखालच्या पथकाने १९६१-६२ मध्ये न्युबियातल्या आफिया या ठिकाणी उत्खनन केलं.

त्याआधीच भारताने घरच्या अंगणात हे काम केलं होतं. कृष्णा नदीवरच्या नागार्जुनसागर धरणात नागार्जुनकोंडा हे प्राचीन बौद्ध केंद्र बुडणार होतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९५४ ते १९६० अशी सलग सहा वर्षं आर. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखाली तिथे खणलं. महत्त्वाच्या वास्तू जवळच्या टेकडीवर आणि काठावर अनुपू इथे पुन्हा रचल्या. ती टेकडी आता जलाशयातलं बेट आहे.

पण याच कामातली एक गोष्ट पैशांबद्दल बरंच सांगून जाते. या उत्खननाच्या अहवालाचा पहिला खंड १९७५ मध्ये आला आणि ऐतिहासिक काळाबद्दलचा दुसरा खंड २००६ मध्ये. खोदकाम संपल्यावर तब्बल ४६ वर्षांनी! खोदण्यासाठी निधी मिळतो. सापडलेलं धुणं, मोजणं, चित्रित करणं, तपासणं, छापणं यासाठी मात्र मिळत नाही. अहवाल आला नाही, तर उत्खनन हे शिस्तीने केलेलं नुकसानच ठरतं, कारण खणलेली जागा पुन्हा खणता येत नाही.

महाराष्ट्रात याच्या उलट चित्र पाहायचं असेल तर इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवला जावं लागतं. उजनी धरणाचं पाणी ओसरलं की पळसनाथाचं जुनं मंदिर वर येतं. फोटो निघतात, रील फिरतात, पर्यटक होडीने जातात. पाणी चढलं की मंदिर परत गायब. ते हलवलं गेलं नाही. मूर्ती आणि देव नव्या गावात आले, पण दगड पाण्यातच राहिले.

परभणीच्या जमिनीखाली काय आहे?

मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, पण शहरातल्या वाचकांसाठी एक शब्द समजून घेऊ : पांढर. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढर, अशी गावाची जुनी विभागणी आहे. माणसं एकाच जागी शेकडो वर्षं राहिली की घरांच्या पडलेल्या भिंती, चुलीतली राख, शेण, हाडं, खापरं यांचे थरावर थर साचतात आणि माती भुरकट-पांढरी होते. काळ्या रानात मधेच पांढुरकं टेकाड दिसलं आणि त्यावर खापराचे तुकडे विखुरलेले असले, तर तिथे जुनी वस्ती होती असं पुरातत्त्व अभ्यासक ओळखतात. गावकरीही ओळखतात. ‘तिथं जुनं गाव होतं, ते उठलं’ असं ते सांगतात.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या तीन नद्यांच्या काठांवर वसलेल्या या जिल्ह्यात अशी टेकाडं असणं नवलाचं नाही. गोदावरीवर वरच्या अंगाला सातवाहनांची राजधानी पैठण आहे. शेजारच्या जालना जिल्ह्यात भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथे नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ मध्ये उत्खनन केलं, तेव्हा एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिची जातकुळी थेट इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या प्रसिद्ध भारतीय हस्तिदंती मूर्तीशी जुळते. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे आज ज्या गावाला जायला एसटीची वाट पाहावी लागते, तिथल्या कारागिरांच्या हातची कला दोन हजार वर्षांपूर्वी रोमन घरापर्यंत पोहोचली असू शकते, हा अंदाज एका मराठवाडी टेकाडातून आला.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची गोष्ट आणखी वेगळी. तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर पांढरीतून निघालेल्या वस्तू गोळा केल्या. आज त्यांच्या नावाने शासनाचं वस्तुसंग्रहालय आहे. तो संग्रह सरकारी निधीतून उभा राहिला नाही. एका माणसाच्या नादातून उभा राहिला.

परभणीतल्या पांढरीला अशी माणसं आणि विद्यापीठांची पथकं फार कमी मिळाली. जिल्ह्याची ओळख उभ्या वास्तूंमुळे आहे : चारठाणा, गंगाखेड तालुक्यात गोदाकाठी धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर, जिंतूरजवळच्या नेमगिरीची जैन लेणी, सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव. वालूरची बारव तर गाळ आणि कचऱ्याने भरली होती, ती गावकऱ्यांनी श्रमदानातून मोकळी केली. पूर्णा तालुक्यातल्या धनगर टाकळी परिसरात गोदावरीच्या जुन्या गाळातून हत्तीच्या कुळातल्या नामशेष प्राण्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. या गाळाचं वय यादवांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहे.

आता पांढरीचं काय होतं ते पाहा. मराठवाड्यातल्या जुन्या घरांना माळवद असायचं. त्यावर टाकायला पांढरी माती लागायची, कारण ती पाणी लवकर आत उतरू देत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक टोपलीने ही माती नेत आले. पडक्या गढ्यांची मातीही अशीच गेली. टोपलीने नेलेल्या मातीमुळे टेकाड झिजायला शंभर वर्षं लागतात. हायवा ट्रक हे काम दोन दिवसांत करतो. फरक वेगाचा आहे.

याआधीही मोठी खोदकामं झाली आहेत. पूर्णा नदीवरचं येलदरी धरण जिंतूर तालुक्यातलं. पैठणच्या जायकवाडी धरणाचं भूमिपूजन १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केलं, उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी केलं आणि त्याचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत आला. कालव्याने जिल्ह्याची शेती बदलली, हे कुणी नाकारत नाही. त्या खोदकामात काय निघालं आणि भरावात काय गेलं, याचा हिशेब मात्र सामान्य माणसाला कुठेच वाचायला मिळत नाही.

कायदा काय सांगतो?

सापडलेल्या वस्तूवर हक्क कुणाचा, याबद्दल कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. शोधण्याचा खर्च कुणाचा, याबद्दल तो गप्प आहे.

सर्वांत जुना कायदा १८७८ चा आहे, भारतीय निखात निधी अधिनियम. जमिनीत लपलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. हो, दहा रुपये. रक्कम १८७८ मधलीच आहे. कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. याच कायद्यात एक तरतूद अशीही आहे, जी फारशी कुणाला माहीत नसते : सरकारला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल, तर तिच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम मोजावी लागते. म्हणजे कळवणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडावं, अशी सोय ब्रिटिशांनी केली होती. गावाकडे ‘गुप्तधन’ म्हटलं की जी भीती आणि कुजबुज सुरू होते, त्यात ही सोय हरवून जाते.

दुसरा कायदा १९५८ चा, प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांबद्दलचा. २०१० मध्ये त्यात दुरुस्ती झाली. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीशिवाय बांधकाम नाही, हा नियम तेव्हा कायद्यातच आला. त्याच दुरुस्तीने राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झालं. या नियंत्रित क्षेत्रात येणाऱ्या मोठ्या प्रकल्पांचा परिणाम तपासून शिफारस करणं हे त्याचं एक काम आहे.

इथेच गोम आहे. ही सगळी यंत्रणा ‘संरक्षित’ या शब्दाभोवती फिरते. केंद्राच्या यादीत देशभरातली सुमारे ३,७०० स्मारकं आणि स्थळं आहेत, महाराष्ट्रातली २८६. राज्याची स्वतःची वेगळी यादी आहे, तिच्यासाठी १९६० चा राज्याचा कायदा आहे. ज्या पांढरीच्या टेकाडाचं नाव कुठल्याच यादीत नाही, त्याच्यासाठी १०० मीटर नाही, २०० मीटर नाही आणि परिणामाचा अभ्यासही नाही. मोठ्या रस्त्यांना पर्यावरण मंजुरी लागते. २००६ च्या अधिसूचनेतल्या अर्जात सांस्कृतिक मूल्य असलेल्या जागांची माहिती विचारली जाते खरी, पण तिथेही प्रश्न कायद्याने संरक्षण दिलेल्या जागांचा आहे. यादी पाहून रकाना भरता येतो. शेतात उतरून टेकाडं शोधावी लागत नाहीत.

आणि एक अडचण वेळेची. १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित क्षेत्राबाहेर राज्य सरकारला स्वतः उत्खनन करायचं असेल, तरी केंद्राची आधी मंजुरी लागते. उत्खननाचे परवाने हंगामाच्या हिशेबाने दिले जातात. कुणीही उठून खणू नये म्हणून हा नियम योग्यच आहे. पण रस्त्याचं काम थांबून राहिलेलं असताना तो फारसा उपयोगी पडत नाही.

मग पैसा येतो कुठून?

सर्वांत आधी केंद्राकडे पाहू. नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, म्हणजे कॅगने २०१३ च्या अहवालात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा हिशेब तपासला. देशातली ९२ संरक्षित स्मारकं सापडतच नाहीत, ही त्यातली बातमी तेव्हा गाजली. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट कमी गाजली : शोधमोहिमा आणि उत्खननावर विभाग आपल्या एकूण खर्चाच्या १ टक्काही खर्च करत नव्हता. उरलेला पैसा आस्थापना आणि उभ्या वास्तूंच्या देखभालीत जात होता.

राज्याचं चित्रही साधारण तसंच आहे. महाराष्ट्रात पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे. त्याच्याकडे गड, मंदिरं, लेणी, वाडे आणि वस्तुसंग्रहालयं अशी मोठी जबाबदारी आहे. अलीकडच्या वर्षांत जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्क्यांपर्यंतचा निधी गड-किल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांच्या जतनासाठी वापरण्याची मुभा मिळाली. हा चांगला निर्णय आहे, कारण पैसा जिल्ह्यातच असतो आणि मंत्रालयाच्या फेऱ्या वाचतात. पण त्याचं नावच सांगतं की तो उभ्या असलेल्या वास्तूंसाठी आहे.

२०२१ मध्ये राज्य सरकारने आठ प्राचीन मंदिरांच्या जतनासाठी १०१ कोटी रुपयांची योजना आणली. सिन्नरचं गोंदेश्वर, खिद्रापूरचं कोपेश्वर, गडचिरोलीचं मार्कंडा अशी नावं त्यात होती. परभणीच्या शेजारचं, माजलगाव तालुक्यातलं पुरुषोत्तमपुरीचं मंदिरही होतं. पुरुषोत्तमपुरीचं महत्त्व मोठं आहे. रामचंद्रदेव यादवाचा शके १२३२, म्हणजे इसवी सन १३१० चा ताम्रपट याच गावचा. देवगिरीवर खिलजीची स्वारी झाल्यानंतरच्या काळाचा तो मोलाचा पुरावा आहे.

या योजनेतली लक्षात ठेवण्यासारखी बाब म्हणजे ती राबवण्याचं काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आलं. जालना–नांदेड आणि शक्तिपीठ महामार्ग ज्या महामंडळाकडे आहेत, तेच हे महामंडळ. म्हणजे रस्ते बांधणाऱ्या संस्थेच्या हातून वारशावर खर्च होऊ शकतो, त्यात नियमांची काही अडचण नाही. देवळासाठी तो झाला. टेकाडासाठी होत नाही, कारण टेकाडाला कळस नाही. तिथे उद्घाटनाची कोनशिला बसवता येत नाही आणि निवडणुकीत त्याचा फोटोही लावता येत नाही.

कंत्राटात काय लिहिलेलं असतं?

राष्ट्रीय महामार्गांच्या नमुना करारांमध्ये भूगर्भीय आणि पुरातत्त्वीय वस्तूंबद्दल स्वतंत्र कलम असतं. अशी वस्तू सापडली तर तिच्यावर कंत्राटदाराचा हक्क नाही, ती सरकारची. कामगारांनी ती हलवू नये किंवा तिचं नुकसान करू नये याची काळजी कंत्राटदाराने घ्यायची आणि ताबडतोब प्राधिकरणाला कळवायचं. पुढच्या सूचनांनुसार त्याला जो वाजवी खर्च येईल, तो प्राधिकरणाने भरून द्यायचा. जागतिक बँकेच्या कर्जातून होणाऱ्या प्रकल्पांनाही ‘अचानक सापडलेल्या वस्तूंबाबतची कार्यपद्धती’ आखून ठेवावी लागते.

वाचायला हे बरं वाटतं. पण नीट पाहिलं तर करारात पैशांची सोय कंत्राटदाराच्या खोळंब्यासाठी आहे. पुरातत्त्व पथकाच्या तंबूसाठी, मजुरांच्या रोजासाठी, कोळशाचं वय काढणाऱ्या प्रयोगशाळेसाठी आणि अहवालासाठी तरतूद वेगळी करावी लागते. शिवाय सगळी भिस्त यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या नजरेवर आहे. मूर्ती निघाली तर तो थांबेल. राखेचा थर, मडक्याचे तुकडे, जळालेल्या धान्याची कोठी दिसली तर तो का थांबेल? त्याचा पगार किती माती उचलली यावर ठरतो. आणि इतिहासकाराला बहुतेक वेळा मूर्तीपेक्षा ते जळालेलं धान्यच जास्त सांगतं.

भारतात याची व्यवस्था आधीच करून ठेवल्याचं एक उदाहरण आहे. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ च्या निवाड्यात सरदार सरोवरात बुडणारी ऐतिहासिक स्मारकं, पूजास्थानं आणि पुरातत्त्वीय जागा हलवण्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरायला लावला. तो गुजरातने द्यायचा, असंही ठरलं. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातल्या बुडीत जागांसाठीसुद्धा! तत्त्व सरळ होतं : ज्याला धरणाचा मोठा फायदा, त्याने बुडणाऱ्या इतिहासाचा खर्च उचलायचा. अंमलबजावणी किती झाली हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण हे तत्त्व देशातल्या एका लवादाने ४५ हून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. ते प्रत्येक मोठ्या प्रकल्पाचा नियम मात्र झालं नाही.

बाहेरच्या देशांत काय होतं?

लंडनमध्ये १९८९ साली इमारतीच्या पायासाठी खोदताना शेक्सपिअरच्या काळातलं ‘रोझ’ नाट्यगृह सापडलं आणि मोठा गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, इंग्लंडने नियोजनाची नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली. बांधकामाची परवानगी हवी असेल तर आधी जमीन तपासा आणि त्याचा खर्च विकासकानेच करा, असा त्याचा साधा अर्थ. त्यामुळे लंडनच्या क्रॉसरेल या भुयारी रेल्वे प्रकल्पात ४० हून अधिक ठिकाणी पुरातत्त्व अभ्यासक उतरले आणि दहा हजारांहून अधिक वस्तू मिळाल्या. रेल्वेही झाली.

फ्रान्सने २००१ मध्ये कायदाच केला. बांधकाम करणाऱ्यांकडून शुल्क घ्यायचं आणि त्यातून सरकारी संस्थेने आधी चाचणी-उत्खनन करायचं. युरोपातल्या देशांनी तर १९९२ मध्ये माल्टातल्या व्हॅलेटा इथे करार करून हा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरायचं मान्य केलं.

या पद्धतीतही दोष आहेत. इंग्लंडमध्ये स्वस्त बोली लावणाऱ्या खासगी पुरातत्त्व कंपन्या तयार झाल्या आणि कामाच्या दर्जाबद्दल तक्रारी होतात. त्यामुळे ती जशीच्या तशी उचलून परभणीत आणा, असं म्हणण्यात अर्थ नाही. पण चाचणी आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम उचलायला काही हरकत नसावी.

खर्च खरंच परवडणारा नाही का?

तमिळनाडूचं उदाहरण घेऊ. किळडीच्या उत्खननानंतर तिथल्या सरकारने पुरातत्त्वाला राजकीय महत्त्व दिलं, अगदी भाषेच्या अस्मितेशी जोडून दिलं. त्यामागचा हेतू कुणाला पटेल, कुणाला नाही. पण २०२१-२२ च्या सुधारित अर्थसंकल्पात त्या राज्याने उत्खननांसाठी ५ कोटी रुपये ठेवले आणि त्यात राज्यभरातली अनेक ठिकाणं आली.

आता शक्तिपीठ महामार्गाचा अंदाजे खर्च लांबीने भागून पाहा. ८६,३०० कोटी भागिले ८०२ किलोमीटर म्हणजे एका किलोमीटरला साधारण १०७ कोटी रुपये. या हिशेबाने तमिळनाडूचे ते ५ कोटी म्हणजे महामार्गाच्या ५० मीटरहून कमी लांबीचा खर्च. एक पेट्रोल पंप ओलांडायला गाडीला जेवढं अंतर जावं लागतं, जवळपास तेवढं.

आणि आधीच्या पाहणीला तर उत्खननाइतकाही खर्च येत नाही. आखणीच्या दोन्ही बाजूंनी पायी फिरून खापरं आणि पांढरी माती दिसते का ते नोंदवायचं, जुने गावनकाशे पाहायचे, उपग्रहाची छायाचित्रं तपासायची आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ‘जुनं गाव कुठं होतं’ हे विचारायचं. दोन-चार अभ्यासक आणि विद्यापीठातले विद्यार्थी एका हंगामात जिल्ह्यातला टप्पा पालथा घालू शकतात. अशी टेकाडं आखणीच्या वेळीच कळली, तर बऱ्याचदा रस्ता थोडा सरकवून उत्खनन करायची वेळच येत नाही. जमीन ताब्यात आल्यानंतर, कंत्राट दिल्यानंतर कळलं, तर प्रत्येक दिवसाच्या खोळंब्याचा खर्च सुरू होतो आणि मग अवशेष हा अडथळा वाटू लागतो.

तुमच्या शेतात काही सापडलं तर?

अनेक शेतकरी अशी वस्तू कळवत नाहीत. ‘सरकार जमीन घेईल’ ही भीती त्यामागे असते. प्रत्यक्षात मूर्ती किंवा नाणी सापडली म्हणून जमीन आपोआप संरक्षित होत नाही. १९५८ च्या कायद्यानुसार एखादी जागा राष्ट्रीय महत्त्वाची ठरवायची असेल तर सरकारला आधी अधिसूचना काढावी लागते. दोन महिन्यांत हरकती घेता येतात आणि त्या विचारात घ्याव्या लागतात. उत्खननामुळे पिकाचं किंवा उत्पन्नाचं नुकसान झालं तर केंद्र सरकारने भरपाई द्यावी, असंही या कायद्यात आहे.

वस्तू दिसली तर ती उपसून काढू नका. जागेवर असतानाच, शेजारी फूटपट्टी किंवा चप्पल ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. किती खोलीवर आणि कोणत्या मातीत सापडली ते लिहून ठेवा. शेंदूर लावू नका, घासून धुऊ नका. तलाठी किंवा तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. नाण्यांचा हंडा असेल तर घरातल्या पाच जणांत वाटून घेण्याआधी १८७८ चा कायदा आठवा, कारण त्यातली शिक्षा अजून कायम आहे.

रस्त्याच्या कामावर काही दिसलं, तर जिल्हाधिकारी कार्यालयासोबत प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेलाही कळवता येतं. त्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पुरातत्त्वीय पाहणीसाठी किती रक्कम धरली आहे आणि ती पाहणी कुणी केली, हे माहिती अधिकारात विचारता येतं. अर्जाचं शुल्क १० रुपये आहे.